तुटलेलें माहेर आणि नवा गोतावळा



मराठी भाषेंत स्त्रीच्या नात्यांना जितके शब्द आहेत तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयाला असतील. मावशी, आत्या, मामी, काकू, नणंद, जाऊ, भावजय, विहीण! यांतला प्रत्येक शब्द हांक मारण्यापुरता नसतो. बाळंतपणाला कोठें जावयाचें, दिवाळींत लुगडें कोणाकडून यावयाचें, विपत्ति ओढवली तर कोणाच्या ओसरीवर जाऊन बसावयाचें, हें सारें त्या शब्दांत बांधलेलें असतें. एकोणिसाव्या शतकांतल्या पुरुषाला घराबाहेर चावडी होती, कचेरी होती, पेठ होती. स्त्रीला घराबाहेर दुसरें एक घर होतें. त्याचें नांव माहेर.

अशा स्त्रीनें, किंवा तिच्या नवऱ्यानें, ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणजे पहिल्यानें हे शब्द तिच्या हातून जात. सासरचें दार लागे आणि माहेरचेंहि लागे. आई जिवंत असे. पण तिच्या हातचें पाणी मिळत नसे. धर्मान्तराच्या इतिहासांत आपण वादविवाद वाचतों, पत्रकें वाचतों, कोणी कोणाला कसें निरुत्तर केलें तें वाचतों. तो बहुतेक पुरुषांचा इतिहास आहे. बायकांचा इतिहास निराळ्या प्रश्नापासून सुरू होतो : आतां आजारपणांत उशाशीं कोण बसणार?

या प्रश्नाला मराठी ख्रिस्ती स्त्रियांनीं काय उत्तर दिलें, तें आज सांगावयाचें आहे. ही हकीकत मुख्यतः नगर, पुणें आणि केडगांव या टापूंतली आहे. शेवटीं ती आपणांस जुन्या निजामी मुलखांत, म्हणजे लातूर-नांदेडकडच्या श्रोत्यांच्या शेजारीं आणून सोडील. त्या भागांत मात्र हाच प्रश्न थोडा उलटा होऊन पुढें आला होता. पण त्याविषयीं योग्य जागीं बोलूं.

आधीं एका शब्दाची गंमत सांगितली पाहिजे. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. ‘अमुक गांवची मंडळी’ म्हणजे त्या गांवचें चर्च. आपल्या रोजच्या बोलण्यांत ‘घरची मंडळी’ म्हणजे कुटुंब, आणि जुन्या लोकांच्या तोंडीं ‘आमची मंडळी’ म्हणजे तर प्रत्यक्ष पत्नी! हा शब्द ज्यांनीं निवडला त्यांना हा अर्थ अभिप्रेत होता कीं नाहीं कोण जाणे. पण कुटुंब गमावून आलेल्या बाईच्या कानांना तो शब्द फारसा परका वाटला नसेल.

अमेरिकन मिशनचे लोक १८१३ सालीं मुंबईस आले आणि १८३१ सालीं त्यांनीं नगरास ठाणें घातलें. सिंथिया फॅरार ही अविवाहित बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरली. १८३९ पासून १८६२ मध्यें मृत्यु येईपर्यंत ती नगरास मुलींच्या शाळा चालवीत होती. जोतीराव फुल्यांनीं नगरास पाहिलेली मुलींची शाळा तिचीच. तिच्या शाळांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला तिचें एकटेपण अधिक विचार करण्यासारखें वाटतें. नवरा नाहीं, मूल नाहीं, नात्याचें माणूस सातासमुद्रांपलीकडे. आणि तरी हिचें आयुष्य उघडें पडलेलें नाहीं, उलट भरलेलें आहे, हा देखावा नगरच्या बायकांनीं तेवीस वर्षें रोज पाहिला.

त्याच नगरांत हरिपंत खिस्ती हे पहिल्या पिढींतले ब्राह्मण ख्रिस्ती. त्यांची पत्नी राधाबाई. धर्म बदलला तो हरिपंतांनीं. त्याचे पडसाद राधाबाईंच्या स्वयंपाकघरांत उमटले. या दांपत्याची मुलगी कृपाबाई ही १८६२ सालीं नगरास जन्मली आणि पुढें मद्रासच्या सत्यनाथन् घराण्यांत दिली गेली. तिनें इंग्रजींत लिहिलेली ‘सगुणा’ ही कथा १८८७-८८ सालीं मद्रासच्या एका मासिकांत क्रमशः आली. आत्मचरित्राच्या वळणाच्या या कथेंत मुलीच्या आधीं आईची हकीकत येते : नवऱ्यानें धर्म सोडला, आतां बायकोनें जावें कीं राहावें? कृपाबाई अवघ्या ३२ व्या वर्षीं वारल्या. पण आईच्या मनांतली ती घालमेल एका मुलीनें लिहून ठेविली, आणि तीहि पुष्कळ वर्षांनंतर, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. हरिपंतांना पाळक म्हणून मंडळी मिळाली होती, मान मिळाला होता. राधाबाईंना जें मिळालें तें आजूबाजूच्या चार बायकांकडून, आणि पुढें मोठ्या झालेल्या लेकींकडून.

आतां पंडिता रमाबाईंकडे वळूं. आपल्या विषयाचा सारा पेंच त्यांच्या एका आयुष्यांत सांपडतो.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडणारें हें कुटुंब. घर म्हणावें असें त्यांना बहुतेक नव्हतेंच. १८७४ नंतरच्या दुष्काळी वर्षांत आईवडील गेलीं, थोरली बहीण कृष्णाबाई गेली. उरलेला एकुलता भाऊ श्रीनिवास १८८० सालीं बंगाल्यांत वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांनीं विवाह केला. १८८१ मध्यें मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति गेले. चोविसाव्या वर्षाच्या आंत या बाईंचीं सासर-माहेर दोन्हीं संपलीं होतीं, आणि तीं ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यापूर्वीं संपलीं होतीं, ही गोष्ट त्यांचे टीकाकार विसरत असत.

पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, आणि तिच्या विक्रीच्या पैशावर १८८३ सालीं मनोरमेला घेऊन त्या विलायतेस गेल्या. वाँटेज गांवीं सेंट मेरीच्या भगिनीसंघानें त्यांना आश्रय दिला. हिंदुस्थानांत यावयाच्या भगिनींना त्यांनीं मराठी शिकवावें आणि त्या बदल्यांत त्यांची सोय व्हावी, असा हा करार होता. त्यांच्या सोबत आनंदीबाई भगत नांवाची एक मैत्रीण होती. या बाईनें तेथें आत्महत्या केली. आपल्याला बळजबरीनें ख्रिस्ती करतील या भीतीनें तिला घेरलें होतें, असें मॅक्स म्युलर यांनीं लिहून ठेविलें आहे. तसा कोणाचा बेत होता असें दिसत नाहीं. पण परमुलखांत, परक्या भाषेंत, काळ्या झग्यांतल्या दयाळू बायकांनीं वेढलेल्या एका एकट्या जिवाला ती दयाच भयंकर वाटली. नव्या गोतावळ्याची ही दुसरी बाजू होय. जो आधार देतो तो गिळूनहि टाकील, ही शंका आश्रिताच्या मनांतून कधीं सहज जात नाहीं.

१८८३ च्या २९ सप्टेंबरला रमाबाईंनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. भगिनीसंघांतली सिस्टर जेराल्डीन ही त्यांची धर्मांतली वडीलधारी ठरली. रमाबाई तिला पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. विलायतेंतल्या एका कुमारी जोगिणीला हा अस्सल मराठी शब्द चिकटला, आणि तो जन्मभर टिकला. हीं पत्रें सिस्टर जेराल्डीननें जपून ठेविलीं आणि १९७७ सालीं तीं मुंबईस पुस्तकरूपानें छापलीं गेलीं. तीं वाचतांना मला त्या शब्दाचें सारखें नवल वाटतें. कारण ज्या पत्रांचा मायना ‘आजीबाई’ असा आहे, त्यांतल्या पुष्कळ पत्रांत भांडण आहे! तेंहि साधेंसुधें नव्हे. वडीलधारीचें म्हणणें असें कीं, धर्माच्या घरांत आलीस, आतां आज्ञापालन शीक. धाकटीचें म्हणणें असें कीं, एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें, तें दुसऱ्याचें चढवून घेण्यासाठीं नव्हे. रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजांत शिकत होत्या व संस्कृत शिकवीत होत्या. त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांनाहि शिकवावें काय, असा प्रश्न निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतल्या बिशपांकडून नापसंती आली. रमाबाईंनीं सरळ विचारलें कीं, मी काय शिकवावें हें ठरविण्याचा यांना अधिकार काय? मनोरमेला काय शिकवावें यावरूनहि खटके उडाले. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांना मात्र या हट्टामागची प्रामाणिक बुद्धि दिसली, आणि त्या सांभाळून घेत राहिल्या.

माझ्या मतें या प्रकरणांत मराठी ख्रिस्ती स्त्रियांच्या इतिहासाची खरी कसोटी आहे. हरवलेल्या नात्यांच्या जागीं नवीं नातीं मिळालीं, ही अर्धी गोष्ट झाली. त्या नव्या नात्यांत आपण कायमचें लेंकरूंच राहणार, कीं कधीं थोरली बहीण होणार, ही उरलेली अर्धी. रमाबाईंनीं नातें तोडलें नाहीं आणि मानहि वांकविली नाहीं. ‘आजीबाई’ हा शब्द ठेवला आणि आजीबाईशीं वाद घातला. आपल्या घरांतून आजीशीं वाद घालणारी नात काय नात नसते?

त्याच संघानें फुलहॅम येथें पतित स्त्रियांसाठीं चालविलेलें घर रमाबाईंनीं पाहिलें होतें. ज्यांना समाज बोटानेंहि शिवत नाहीं अशा बायकांशीं या भगिनी सख्ख्या नात्यानें वागतात, या दर्शनाचा आपल्या धर्मान्तराशीं संबंध होता, असें त्यांनीं पुढें आपल्या साक्षींत स्पष्ट सांगितलें आहे. तात्त्विक वादापेक्षां या घराचें वजन अधिक पडलें. बायकांचें धर्मान्तर कसें घडतें याची ही खूण समजावी.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं. आनंदीबाई नात्यानें त्यांच्या दूरच्या लागत. आनंदीबाई शेवटपर्यंत हिंदु राहिल्या. आणि ज्या ख्रिस्ती कार्पेंटरबाईंनीं त्यांना घरीं ठेवून घेतलें त्यांना त्या मावशी मानीत. आनंदीबाईंची रक्षा आजहि त्या मावशीच्या कुटुंबाच्या दफनभूमींत आहे. धर्म एक न होतां नातें जुळतें, याचें हें ढळढळीत उदाहरण रमाबाईंच्या डोळ्यांपुढें होतें. तो पदवीदानाचा दिवस ११ मार्च. तीन वर्षांनीं, १८८९ च्या ११ मार्चला, रमाबाईंनीं मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडलें.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. भाऊ नरहरपंत यांनीं तिला आणून सोडिलें. पुढें १८९३ सालीं, आणि पुन्हां ११ मार्चलाच, तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, आणि ती बाया कर्वे म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाली. बायांनीं धर्म बदलला नाहीं. तरी सदनांतलीं वर्षें त्यांनीं ‘माझें पुराण’ या आत्मचरित्रांत आपुलकीनें सांगितलीं आहेत. कर्व्यांचा आश्रम १८९६ सालीं निघाला, आणि बायांची बहीण पार्वतीबाई आठवले त्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. सदनांत जुळलेल्या बहिणीबहिणींच्या साखळीची एक कडी अशी हिंगण्याच्या हिंदु आश्रमांत जाऊन पोहोंचते. सदन आणि आश्रम यांचे इतिहास वेगवेगळे लिहावयाची आपली चाल आहे. ती बायकांच्या अनुभवाला धरून नाहीं.

१८९३ सालचें वादळ श्रोत्यांना ठाऊक असेल. सदन १८९० च्या अखेरीस पुण्यास आलें होतें. रमाबाईंच्या प्रार्थनेला कांहीं मुली जाऊन बसतात, असें निघालें, रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं अंग काढून घेतलें, ‘केसरी’नें झोड उठविली, पालकांनीं मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचें बोलणें येथें पुन्हां उगाळीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं पालकांची भीति खोटी नव्हती. धर्माचा उपदेश रमाबाईंनीं केला असो वा नसो, ज्या मुलीला घरीं ‘पांढऱ्या पायाची’ म्हणत तिला येथें कोणी ‘बाळ’ म्हटलें, तर ती कोणाच्या देवाजवळ बसेल हें सांगावयास ज्योतिषी नको होता.

यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या बाईंचे आईबाप दुष्काळानें नेले त्या बाई मध्यप्रांतांत गेल्या, आणि सुमारें ३०० मुली व बायका घेऊन परत आल्या. पुण्यांत प्लेग होता. म्हणून पुणें-दौंड रेल्वेवर केडगांवास घेऊन ठेविलेल्या १०० एकर जमिनीवर त्यांची वस्ती झाली. तिचें नांव ‘मुक्ति’. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी आल्या, आणि वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. सदनांतल्या मुली बहुतांशीं उच्चवर्णी होत्या. येथें सर्व जातींच्या, सर्व भाषांच्या. कोणी गुजराथी, कोणी हिंदी, कोणी मराठी बोले. पुष्कळींना आपल्या आईचें नांवहि सांगतां येत नव्हतें.

एवढ्या पोरक्या मुलींचें कुटुंब करावयाचें म्हणजे काय करावयाचें? मुक्तीची रचना पाहिली तर उत्तर दिसतें. मोठ्या मुलींच्या हातीं लहान मुलींचे गट दिले. आधीं आलेली ती थोरली, मागून आलेली ती धाकटी. सदनांतल्या विधवा येथें शिक्षिका झाल्या. शेत, माग, तेलाचा घाणा, दूधदुभतें, शिवण, छापखाना हीं सारीं कामें बायकांच्याच हातीं. पतित स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें, त्यांत फुलहॅमची आठवण होती. म्हाताऱ्यांना वेगळें घर, आंधळ्यांना वेगळें; आंधळ्या मुलींना ब्रेल लिपि शिकविण्याचें काम मनोरमाबाईंनीं अंगावर घेतलें. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या ख्रिस्ती मैत्रिणी मदतीस आल्या. याच सुंदराबाईंनीं पुढें पुण्यास घरोघर जाऊन शिकविणाऱ्या बायका तयार करण्याची स्वतंत्र संस्था चालविली.

येथें थोडें कटु बोललें पाहिजे. वाँटेजला ‘मी कोणाच्या आज्ञेंत राहणार नाहीं’ म्हणणाऱ्या रमाबाई केडगांवास स्वतःच आज्ञा करणाऱ्या वडीलधाऱ्या झाल्या. दोन हजारांचें घर आज्ञेवांचून चालत नाहीं हें खरें. पण दुष्काळांतून आलेल्या मुलीनें हें घर आणि हा देव आपण होऊन निवडला, असें कसें म्हणावें? भुकेल्या मुलाला निवड कोठली? जेराल्डीनला रमाबाईंनीं जो प्रश्न विचारला, तो रमाबाईंना विचारणारी एखादी मुलगी मुक्तींत असलीच, तर तिचीं पत्रें कोणी छापलीं नाहींत. हें म्हणतांना दुसरीहि बाजू नजरेआड करतां येत नाहीं. त्यांतल्या पुष्कळ मुली मेल्या असत्या, त्या जगल्या, वाचावयास शिकल्या, आणि कित्येक स्वतः थोरल्या झाल्या.

१९०५ सालीं मुक्तींत जी धर्मजागृति झाली तिच्या आरंभीं रमाबाईंनीं प्रार्थनेसाठीं मुलींना बोलाविलें. सत्तर मुली पुढें आल्या आणि पाहतां पाहतां त्या ५५० झाल्या. मिनी अब्रॅम्स नांवाची अमेरिकन बाई तेथें काम करीत असे. तिनें १९०६ सालीं त्या जागृतीविषयीं एक पुस्तिका लिहिली आणि शिकागोच्या शिक्षणशाळेंतल्या आपल्या एका जुन्या वर्गमैत्रिणीस धाडून दिली. ही मैत्रीण त्या वेळीं दक्षिण अमेरिकेंत, चिली देशाच्या व्हालपाराइझो बंदरांत, पाळक पतीसह राहत होती. तेथें १९०९ सालीं जी धर्मचळवळ उठली तिच्या मुळाशीं ही पुस्तिका होती, असें त्या देशाचे चर्चचे इतिहासकार सांगतात. केडगांवच्या एका मांडवांतली गोष्ट चिलीला गेली, ती कोणत्याहि मिशनच्या ठरावानें गेली नाहीं. दोन मैत्रिणींच्या टपालानें गेली.

रमाबाईंच्या मानानें लक्ष्मीबाई टिळक यांची वाट साधी दिसते, आणि ती तशी नाहीं. नारायण वामन टिळकांनीं १८९५ च्या १० फेब्रुवारीस मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीस न विचारतां. लक्ष्मीबाई त्यानंतर पांच वर्षें हिंदु राहिल्या, आणि १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळांत त्या पंढरपुरास आपल्या माणसांत होत्या. मग नगरास, नवऱ्याजवळ असून वेगळी चूल मांडून. ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं असतील त्यांना हा भाग कधीं विसरतां येणार नाहीं. दुःखानें माणूस मरावयाचें, तेथें ही बाई हसविते.

मला येथें एकच मुद्दा सांगावयाचा आहे. लक्ष्मीबाईंनीं जुनें नातें सोडून नवें धरलें नाहीं. दोन्ही धरलीं. बहीण बहीणच राहिली. दारें पुन्हां किलकिलीं झालीं, तीं पुरुषांच्या समेटानें नव्हे, बायकांच्या येण्याजाण्यानें. आणि नव्या मंडळींत जो अडसर होता तो त्यांनीं न लपवितां सांगितला आहे : जातीचा. ब्राह्मण घरांतली बाई ख्रिस्ती झाली तरी महार-मांग घरांतून आलेल्या ख्रिस्ती बहिणीच्या हातचें पाणी घशाखालीं उतरावयास वेळ लागला. जात माणसांनीं केली आहे हा विचार मनांत उजाडल्यावर तो पीळ सुटला, असें त्या सांगतात. नंतर त्यांच्या घरांत परक्यांचीं इतकीं पोरें वाढलीं कीं घर कोणाचें हाच प्रश्न पडावा. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ अकरा अध्यायांवर थांबलें होतें. धड शाळेंतहि न गेलेल्या या बाईंनीं त्यापुढें ६४ अध्याय रचिले.

जातीचा विषय निघाला, आणि तोच आपल्याला मराठवाड्यांत नेतो. आरंभीं प्रश्न उलटा होतो म्हटलें तो येथें. नगर-पुण्याकडे एखादी ब्राह्मण बाई एकटी तुटून येई. निजामी मुलखांत वस्तीच्या वस्त्या आल्या. नारायण शेषाद्रि हे १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झालेले ब्राह्मण; १८६३ च्या सुमारास त्यांनीं जालन्यास काम सुरू केलें आणि सर सालार जंग यांच्या कारकीर्दींत मिळालेल्या जमिनीवर ‘बेथेल’ नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें. तेथें आलेले बहुतेक मांग-महार समाजाचे. पुढें बिदर भागांत मेथॉडिस्ट मिशननें काम केलें. उदगीर तेव्हां बिदर जिल्ह्यांतच होतें, आणि लातूर उस्मानाबादेंत. अशा ठिकाणीं सून ख्रिस्ती झाली तर सासूहि झालेली असे, नणंदहि. नातीं तुटलीं नाहींत. तीं सगळींच्या सगळीं चर्चच्या आंत आलीं, आणि त्यांच्याबरोबर सासुरवासहि आला, भावकीहि आली, आणि मांगांच्या मुलीनें महाराच्या घरीं द्यावी कीं नाहीं हा वादहि आला.

येथल्या स्त्रियांना नवें माहेर नको होतें. त्यांना हवी होती ती घराबाहेरची एक बहीण : जी सासूची कोणी नाहीं, भावकींतली नाहीं, जिच्यापाशीं बोललेलें घरीं जाणार नाहीं. हें काम बायबल-बाई करीत असे. ही बाई बहुधा याच समाजांतली, पुष्कळदां विधवा, थोडेंसें वाचावयास शिकलेली. दोघी-दोघी मिळून पायीं गांवोगांव जात, गाणीं म्हणत, अक्षरें शिकवीत, बाळंतिणीची विचारपूस करीत. वरच्या जातींच्या वाड्यांत जेथें पाळकाला पाऊल ठेवतां येत नसे तेथें माजघरापर्यंत यांचा प्रवेश होई. पगार तुटपुंजा. मिशनच्या अहवालांत गोऱ्या बायकांचीं नांवें पूर्ण येतात. यांचें पुष्कळदां नुसतें पहिलें नांव, कधीं तेंहि नाहीं. रमाबाईंवर आणि लक्ष्मीबाईंवर आपण तासन् तास बोलूं शकतों, आणि मराठवाड्याच्या या पायपीट करणाऱ्या बायकांवर चार वाक्यांत संपतों, याचें कारण त्यांच्या कामांत नाहीं, कागदांत आहे. मराठवाड्यांतलीं ख्रिस्ती कुटुंबें ज्यांच्या पणज्यांना अशा कोणी बाईनें अक्षर ओळखविलें, तीं आजहि आहेत. त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना कोणी जाऊन विचारील तर कागदांतली ही उणीव अजूनहि थोडी भरून निघेल. १९७७ सालीं कॅथलिकांनीं औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत केला. लातूर, नांदेड हे भाग त्यांत आले. तोपर्यंत प्रॉटेस्टंट मंडळ्यांतल्या बायकांच्या सभांना दोन-तीन पिढ्या उलटून गेल्या होत्या.

केडगांवचा हातहि या बाजूस पोहोंचला होता. १९१३ च्या सुमारास रमाबाईंनीं गुलबर्ग्यास मुलींसाठीं एक हायस्कूल काढलें. गुलबर्गा तेव्हां निजामाच्या राज्यांत, आणि शिक्षणाच्या दृष्टीनें अगदीं मागासलेला. मनोरमाबाईंनीं शाळेची धुरा घेतली. मनोरमाबाईंचें आयुष्य म्हणजे आईच्या आयुष्याचा दुसरा खांदा. दोन वर्षांची असतां वाँटेजला गेली, तेथें एक आजीबाई मिळाली. परत आली तों दोन हजार बहिणी वाट पाहत होत्या. तिनें लग्न केलें नाहीं. आईची एकुलती एक मुलगी, पण आईच्या वांट्याला ती एकटीच अशी फार दिवस आलीच नाहीं; याचा तिला कधीं विषाद वाटला असेल काय, असें मनांत येतें.

१९२१ च्या जुलैंत मनोरमाबाई वारल्या, वय चाळीस. रमाबाईंना त्या आधींच ऐकूं कमी येत असे. त्या वेळीं त्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचें साध्या मराठींत भाषांतर संपवीत होत्या. अडाणी बाईलाहि कळावें अशा मराठींत. लेक गेल्यावरहि तें काम थांबलें नाहीं. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या गेल्या. ग्रंथाची छपाई १९२४ सालीं पुरी झाली. खिळे जुळविले, फर्मे छापले, घड्या घातल्या त्या मुक्तीच्या छापखान्यांतल्या बायकांनीं. त्यांतल्या कित्येकजणी पंचवीस वर्षांपूर्वीं दुष्काळांतून आल्या होत्या, तेव्हां त्यांना स्वतःचें नांवसुद्धां लिहितां येत नव्हतें.